रीतीचे गुण

गेल्या महिन्यातली गोष्ट. बर्डीवर रुमाल घ्यायला गेले होते. मेन रोडच्या फुटपाथवर रुमाल, मोजे, ओढण्या घेऊन बसणारी एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिची मुलगी आमच्या अभ्यासिकेत येते. नववीत आहे. रुमाल मोजता मोजता बाईने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "ताई, ते कोडिंग का काय म्हणतात, ते पोरीले शिकवावं का? क्लासवाला बारा हजार म्हणून राहिला. तीन हप्त्यात द्या म्हणते."

"तुला कोणी सांगितलं गं याबद्दल?"

"शाळेच्या गेटवर कागद वाटून राहिले होते ना. म्हणे, ज्या पोराले हे नाही आलं ते मागं पडते. खरं आहे का, ताई?"

बारा हजार! अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की जिला बोचकं उचलून शेजारच्या गल्लीत पळावं लागतं, तिच्यासाठी बारा हजार म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. "विचार करून सांगते," म्हणाले आणि रुमाल घेऊन मेट्रोच्या जिन्याकडे वळले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न पाच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात आला होता आणि तेव्हा मी चुकले होते. ते पुढे सांगतेच.

आधी एक कबुली. मी संगणकातली तज्ज्ञ नाही. मी मॉरिस कॉलेजची बी. ए., मराठी आणि समाजशास्त्र घेऊन. लग्नानंतर, २००३ साली, एमएस-सीआयटी केलं. आठवतं ना मैत्रिणींनो, त्या काळात गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे बोर्ड लागले होते! २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्यांच्या या कोर्सने आपल्यासारख्या कितीतरी जणींची माउसला हात लावायची भीती घालवली. ते उपकार मी विसरणार नाही. पण आपण तिथे काय शिकलो? पत्र टाइप करायचं, अक्षर ठळक करायचं, फाइल सेव्ह करायची, प्रिंट काढायची. म्हणजे संगणक वापरायला शिकलो. संगणकाला काम कसं सांगायचं, हे शिकलो नाही. मिक्सर चालवता येणं आणि स्वयंपाक येणं यात जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला काम सांगणं. आणि ज्या क्रमाने, ज्या टप्प्यांनी ते काम करायचं तो क्रम म्हणजे अल्गोरिदम. शब्द भारदस्त आहे, पण आपल्याकडे त्याला फार साधा शब्द आहे. रीत! शाळेत गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण मिळायचे, आठवतं? तीच ही रीत. गंमत म्हणजे अल्गोरिदम हा शब्द आला तोही एका माणसाच्या नावावरून. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. त्यांनी आपल्या भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं, त्यांच्या नावाचा उच्चार बदलत बदलत गेला आणि त्याचा अल्गोरिदम झाला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी आपलेच एक-दोन-तीन आहेत.

शाळेत आपण भागाकाराने मसावि काढायचो. अठ्ठेचाळीस आणि अठरा घ्या. अठ्ठेचाळीसला अठराने भागलं, बाकी बारा. अठराला बाराने भागलं, बाकी सहा. बाराला सहाने भागलं, बाकी शून्य. संपलं, मसावि सहा. ही रीत युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आणि आजही संगणक जवळपास तशीच वापरतो. आपण ती पाठ केली, गुण मिळवले आणि विसरलो. हाच तो अल्गोरिदम, असं कोणी सांगितलंच नाही!

आमच्या अभ्यासिकेत मंडळाच्या सभागृहाचा एक कोपरा आम्हाला मिळाला आहे. टेकडी लाइन आणि आसपासच्या वस्तीतली तीसेक मुलं येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी दोन जुने संगणक दिले. रविवारी इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी विनामूल्य शिकवायला येते. पहिल्या रविवारी तिने संगणक सुरूच केला नाही. मला वाटलं, वीज गेली की काय! तर ती मुलांना म्हणाली, "आज मी मशीन आहे. मला चहा करायला सांगा. पण तुम्ही सांगाल तेवढंच मी करणार."

मुलं म्हणाली, "पाणी ठेव." तिने पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि गप्प उभी राहिली. "अहो ताई, गॅसवर!" तिने बाटलीच शेगडीवर ठेवायचा आव आणला. हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. मग हळूहळू मुलांच्या लक्षात आलं की, आपण जे न सांगता गृहीत धरतो ते मशीनला कळत नाही. 'चवीपुरतं मीठ' हे सुनेला कळतं, संगणकाला कळत नाही. फळ्यावर एकेक पायरी लिहिली गेली. भांडं घे. त्यात दोन कप पाणी घाल. गॅस पेटव. पाणी उकळेपर्यंत थांब. मग एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "जर घरी शुगरचा पेशंट असेल तर साखर टाकू नको, नाही तर दोन चमचे टाक." त्या ताईने टाळ्याच वाजवल्या. म्हणाली, "प्रोग्रामिंगचा अर्धा जीव या 'जर-तर'मध्ये आहे!" तास संपला तेव्हा फळ्यावर तेवीस पायऱ्या होत्या आणि मुलांना वाटत होतं की, आपण नुसता खेळ खेळलो.

पुढच्या रविवारी तिने दहा मुलांना वेडंवाकडं उभं केलं. उंचीप्रमाणे रांग लावायची, पण अट अशी की, कोणी पूर्ण रांग बघायची नाही. फक्त शेजाऱ्याशी उंची जुळवायची. डावीकडचा उंच असेल तर जागा बदलायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की एक फेरी. अशा नऊ फेऱ्या केल्या की, रांग कशीही असो, लागतेच. मुलं फेऱ्या मारत होती. सहाव्या फेरीला ती रुमालवाल्या बाईची मुलगी थांबली. म्हणाली, "ताई, या फेरीत तर कोणीच जागा नाही बदलली. म्हणजे रांग लागली ना. मग आता कायले फिरून राहिलो आपण?"

वर्गात क्षणभर शांतता. मग ती शिकवणारी मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, हे आम्हाला कॉलेजमध्ये शिकवलं होतं. हिला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं? कोणीच नाही. रोज संध्याकाळी आईबरोबर रुमाल रंगाप्रमाणे लावणारी, सुटे पैसे मोजणारी, बोचकं बांधायच्या घाईत कोणतं काम वाचवता येईल ते बघणारी मुलगी आहे ती. रीत तिच्या हातात आहेच. तिला हे कोणी सांगितलेलं नाही की, हिलाच हुशारी म्हणतात.

माझं म्हणणं इथेच आहे. माध्यमिक शाळेत प्रोग्रामिंग शिकवावं ते सगळ्यांना इंजिनिअर करायला नव्हे. सगळे होणारही नाहीत आणि होण्याची गरजही नाही. भूमितीतली सिद्धता शिकलेले आपण सगळे कुठे गणिती झालो? पण विचार क्रमाने मांडायची सवय लागली. मोठं काम छोट्या कामांत तोडायचं, एकेक टप्पा नीट सांगायचा, चुकलं तर कुठल्या टप्प्यावर चुकलं ते शोधायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं. हे शिक्षण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मिळायलाच हवं.

त्यातलं शेवटचं तर मुलींना जास्त हवं. आमच्याकडे स्क्रॅच वापरतात. अमेरिकेतल्या एमआयटीत मिचेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, २००७ पासून सर्वांना फुकट मिळणारं. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की प्रोग्राम तयार. इंटरनेट नसलं तरी चालतं. आमच्या या मुलीने चौरस काढला: शंभर पावलं पुढे, नव्वद अंश वळ, असं चार वेळा. जमलं! मग त्रिकोण करायला गेली. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा हे पाठ होतं, म्हणून साठ अंश वळायला सांगितलं, तीन वेळा. त्रिकोण झालाच नाही. तोंड उघडं राहिलेली, अर्ध्या षट्कोनासारखी आकृती झाली. तिने पटकन हाताने पडदा झाकला. मी शेजारीच होते. ते हाताने झाकणं मला फार लागलं. पोळी जळली की आपण अशीच डब्याच्या तळाशी लपवतो ना!

शिकवणाऱ्या ताईने तिला रागावलं नाही आणि उत्तरही सांगितलं नाही. "तू स्वतः उभी राहा, चालून बघ," म्हणाली. मुलगी फरशीवर चालली, वळली, पुन्हा चालली आणि तिला कळलं की, आपण आतल्या कोनाएवढं वळत नाही, बाहेरच्या कोनाएवढं वळतो. बाह्यकोन! एकशे ऐंशीतून साठ गेले, राहिले एकशे वीस. आकडा बदलला आणि त्रिकोण झाला. शाळेत ज्या बाह्यकोनाची व्याख्या तिने पाच वेळा लिहून काढली होती, तो तिला त्या दिवशी पायाने कळला. त्यानंतर चुकलं की ती पडदा झाकत नाही. "कुठं चुकलं ते बघू" म्हणते. एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे वाक्य ऐकणं, मला वाटतं, बारा हजारांपेक्षा मोलाचं आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. २०२० चं लॉकडाऊन. शाळा बंद, मुलं घरात आणि टीव्हीवर सारख्या त्याच जाहिराती. सहा-सात वर्षांची पोरं ॲप बनवतात, मोठमोठे लोक दारात उभे राहतात वगैरे. पुढे त्यातल्या काही जाहिराती जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने मागे घ्यायला सांगितल्या, पण तोवर आपल्या पोटात गोळा येऊन गेला होता! मुलगा तेव्हा सातवीत. घाबरून मी त्याला एका ऑनलाइन क्लासला घातलं. हप्ते बांधले. मुलगी तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, "आई, मी पण त्याच्या बाजूला बसू का?" मी काय म्हणाले माहीत आहे? "तुझं दहावीचं वर्ष आहे, तू तुझं बघ. आणि तुला कुठे इंजिनिअर व्हायचंय?"

मुलाने तीन महिन्यांत क्लास सोडला. उरलेले हप्ते आम्ही भरत बसलो. आणि एक दिवस बघते तर त्याचा अडलेला प्रोग्राम बहिणीने सोडवून दिला होता. मागून उभं राहून, बघून बघून शिकली होती. आज ती बी. कॉम. करून नोकरी शोधते आहे आणि जिथे तिथे तिला एक्सेलमधली सूत्रं, डेटा, पायथॉन येतं का असं विचारतात. आता स्वतःच शिकते आहे रात्री जागून. मला बोलत नाही काही. पण मला आठवतं ना!

मुलींचं हे काम नाही, असं आपल्याला कोणी शिकवलं? इतिहास तर वेगळंच सांगतो. १८४३ मध्ये इंग्लंडच्या एडा लव्हलेसने चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्राकडून गणित कसं करून घ्यायचं, याची पायऱ्या-पायऱ्यांची रीत लिहिली. जगातला पहिला प्रोग्राम म्हणून अनेक जण तिचंच नाव घेतात. त्याच लेखनात तिने त्या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली होती. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा माग! आपल्या येवल्यात पैठणीचे काठ याच जॅकार्डवर विणतात. १९४६ मध्ये अमेरिकेत एनियॅक हा प्रचंड संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याला काम सांगणाऱ्या सहा जणी होत्या, सगळ्या बायका. उद्घाटनानंतरच्या जेवणाचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यांना शेवटी बसावं लागतं, हे आपल्याला नवीन आहे का?

आणि गावातून आलेल्यांचं काय, असं विचाराल तर डॉ. विजय भटकर आठवा. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा गावी जन्मले, नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीत इंजिनिअरिंग शिकले. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक बनवला. आपल्या वऱ्हाडच्या मातीत हे होऊ शकतं.

मग अडतं कुठे? कुलपाशी! शहरातल्या एका शाळेत मी कामानिमित्त गेले होते. नाव नको. संगणक कक्ष असा छान बोर्ड, खाली मोठं कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात. आत दहा संगणक प्लॅस्टिकची आवरणं घालून बसलेले. "मुलं बिघडवतील," म्हणाले. मी शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यामागे जनगणना, निवडणूक, पोर्टलवर माहिती भरणं, काय काय लागलेलं असतं. मशीन बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे, हाही त्यांचा प्रश्न खराच आहे. पण वापरून बिघडलेला संगणक मला न वापरता टिकलेल्या संगणकापेक्षा बरा वाटतो.

आकडे बघा. सरकारच्याच यूडायस अहवालात २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते. २०२४-२५ मध्ये ते ६४.७ टक्क्यांवर आले. म्हणजे यंत्रं पोहोचत आहेत, पण तिसरा हिस्सा शाळा अजून कोरड्या आहेत. आणि जिथे आहेत तिथे कुलपाचं काय, ते अहवालात नसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच संगणकीय विचार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची. कागद उत्तम आहे. पण दुसरीकडे आयसीएसईच्या मुलांना नववी-दहावीत जावा शिकता येतं, सीबीएसईत २०१९-२० पासून नववीला एआय विषय घेता येतो आणि आपल्या मराठी शाळेतल्या बहुतेक मुलींची प्रोग्रामिंगशी पहिली भेट होते ती अकरावीत, तीही आयटी किंवा बायफोकलला प्रवेश मिळाला तर. तोपर्यंत ती 'मला नाही जमायचं' हे मनात पक्कं करून बसलेली असते.

घरचंही सांगते. २०२४ च्या असर अहवालात ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये मात्र २६.९ टक्क्यांकडेच. फोन हातात द्या असं मी म्हणत नाही. त्याचे तोटे आपण सगळ्या रोज भोगतो. पण घरात मुलीला यंत्र मिळत नसेल तर शाळेने द्यायला हवं ना? अभ्यासिकेत एका संगणकावर दोघं बसतात. पहिल्या दिवशी माउस पोराच्या हातात आणि पोरगी बघणारी. आम्ही घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी जागा बदलायचा नियम केला. एवढ्याशा नियमाने वर्गच बदलला.

काही मैत्रिणी म्हणतात, "अगं, धड वाचता येत नाही मुलांना आणि हे काय खूळ!" त्यांची काळजी खरी आहे. वाचन आणि गणित आधी, यात वाद नाही. पण आठवड्यातून एक तास रीत लिहायला लावली तर वाचन-लेखन मागे पडत नाही, उलट नेमकं लिहायची सवय लागते. कोणी म्हणतं, इंग्रजी कुठे येतं आपल्या मुलांना? पायथॉन या भाषेत राखीव शब्द जेमतेम पस्तीस आहेत. पस्तीस शब्द कोणाला येणार नाहीत? विचार मराठीतच होतो आणि मराठीतच शिकवावा. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकं केली, त्यात लहान वर्गापासून टप्प्याटप्प्याने विचार करण्यावर भर आहे. तयार साहित्य आहे, वापरायची इच्छा हवी.

सगळ्यात नवा आक्षेप असा: "आता तर एआयच प्रोग्राम लिहितं, मग शिकायचं कशाला?" भाजीवाला मोबाइलवर हिशेब करतो, म्हणून आपण मनात बेरीज करायचं सोडलं का? नाही सोडलं. कारण त्याचं चुकलं तर आपल्याला कळायला हवं. यंत्राला काय विचारायचं आणि त्याचं उत्तर बरोबर की चूक, हे ज्याला कळतं त्याचंच यंत्र नोकर. बाकीच्यांचं ते मालक.

आणि मालक तर ते होऊन बसलंच आहे. २०२५ मध्ये राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंती भरायच्या; पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. किती आया माझ्याकडे रडत आल्या! "जवळचं म्हणून पहिलं नाव टाकलं, ताई, आता बदलत नाही म्हणते." ती सगळी जर-तरची रीत होती. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा वय, उत्पन्न, आधार, बँक खातं, सगळं जर-तरच! आपल्या आयुष्याचे निर्णय अशा रीतींनी होत असतील तर ती रीत वाचता येणं ही साक्षरताच झाली. एकेकाळी अंगठा उठवणारी बाई सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय हे विचारू शकत नव्हती. आपल्या मुलींचं तसं व्हायला नको.

मग करायचं काय? मला जे सुचतं ते सांगते. आठवीपासून प्रत्येक शाळेत आठवड्याला एक तास, मराठीतून, पहिले काही महिने संगणकाशिवायसुद्धा चालेल. गणिताच्या शिक्षकांच्या डोक्यावर जादा ओझं म्हणून नव्हे, तर त्यांना प्रशिक्षण आणि वेळ देऊन. परीक्षेत 'अल्गोरिदमची व्याख्या लिहा' असा प्रश्न कृपा करून नको! नाही तर मुलं तीही पाठ करतील आणि बाह्यकोनाचं झालं तेच होईल. एखादं काम द्या, रीत लिहू द्या आणि रीतीचे गुण द्या.

आपण आयांनीही हात बांधून बसायला नको. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांत ती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. आपण त्या बैठकीला जातो, सही करतो, चहा पितो आणि परत येतो. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: संगणक कक्ष आठवड्यातून किती तास उघडा असतो? त्यात मुली किती वेळ बसतात? बिघडलेली मशीन किती? उत्तर नाही मिळालं तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा. आणि घरी मुलाला क्लास लावणार असाल तर मुलीलाही विचारा. मी विचारलं नव्हतं.

परवा पुन्हा बर्डीवर गेले. त्या बाईला म्हणाले, "बारा हजार देऊ नको. त्या कागदावर लिहिलंय तसं कोणी मागे पडत नाही. पण शिकव मात्र नक्की. रविवारी पाठवत जा, फी नाही. आणि पुढच्या महिन्यात शाळेत मीटिंग आहे ना पालकांची, तिला ये."

"मी येऊन काय बोलू, ताई? मले काय समजते त्यातलं?"

"तुझ्या पोरीने नऊ फेऱ्यांचं काम सहा फेऱ्यांत संपवलं. ते तुला समजतं की नाही?"

ती हसली. "हे तर मीच शिकवलं तिले. गाडी यायच्या आत बोचकं बांधावं लागते ना!" म्हणाली. मग हातातले रुमाल नीट लावत लावत म्हणाली, "येतो मी मीटिंगला. चावी कुणाजवळ असते म्हणाल्या, ताई?"